रडार चालू असताना

३ जुलै १९९४, रविवार. पेण.

विमा एजंटने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. सहा महिने कोरी गेली, पण हरकत नाही. चांगल्या कामाला मुहूर्त लागत नाही.
संकल्प : एक, पहाटे साडेपाचला उठणे. दोन, बारा सूर्यनमस्कार. तीन, रोज एक इंग्रजी शब्द पाठ. चार, ड्युटीच्या गोष्टी घरी न आणणे.
आज उठायला आठ वाजले. चार दिवस मुंबईला विमानतळावर ड्युटी करून काल रात्री एसटीने आलो, म्हणून आजचा दिवस धरायचा नाही.
दुपारी हमरापूरहून नाथा मोकल आला होता. आमच्याच कंपनीत हेल्पर आहे. सात वर्षांपूर्वी मीच त्याला चिकटवला. माणूस चांगला. विमानं धुतो-पुसतो. दरवर्षी आषाढ लागला की बिनपगारी रजा टाकून घरच्या गणपतीच्या कारखान्यात बसतो. मूर्तींचे डोळे काढण्यात, आमच्याकडे त्याला आखणी म्हणतात, त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही.
म्हणाला, उजव्या डोळ्याला धुरकट दिसतं, काचेवर वाफ बसल्यासारखं. मी गुलाबपाणी सुचवलं.
तो गेल्यावर बारा जूनची आठवण झाली. काही संबंध नाही. जेमतेम दोन मिनिटांचा मामला. विषय संपला.
आजचा शब्द : नेग्लिजिबल. म्हणजे, दखल घेण्याच्या लायकीचं नसलेलं.

४ जुलै, सोमवार. सकाळी ७.

विषय संपलेलाच आहे, पण एक व्यवस्थित नोंद असावी म्हणून लिहितो.
विमानाच्या नाकात, पुढच्या पांढऱ्या टोपीच्या आत, हवामानाचं रडार असतं. पुढे ढग कुठे आहेत ते पायलटला पडद्यावर दिसतं. त्यातून ज्या लाटा निघतात त्या जोरकस असतात. म्हणून विमान जमिनीवर असताना रडार तपासायचं तर समोर माणूस नको. दोरी बांधायची, लाल पाटी लावायची, मग वर कॉकपिटमध्ये बसून बटण दाबायचं. हे काम माझं. मी रेडिओ मेकॅनिक आहे, अठरा वर्षं सर्व्हिस, एकही मेमो नाही.
१२ जूनला दोरी स्टोअरमध्ये होती. स्टोअरला कुलूप. चावीवाला चहाला गेलेला. विमान तासाभरात जायचं होतं. मी काचेतून पाहिलं, समोर कोणी नव्हतं. रडार सुरू केलं. चित्र नीट येईना म्हणून जरा जुळवत बसलो. मान वर केली तर बाहेर शिडीवर नाथा, काच पुसतोय. ताबडतोब बंद केलं.
झालं. एवढंच. तीन मिनिटं, फार तर चार.
सूर्यनमस्कार : शून्य. पाठ धरली आहे.

९ जुलै, शनिवार. विमानतळ, दुपारची सुट्टी.

सहज म्हणून मॅन्युअल चाळलं. अठरा वर्षांत ते पान शेवटपर्यंत वाचायची गरज पडली नव्हती. समोर अमुक फुटांच्या आत माणूस नसावा, असं जाड अक्षरात आहे. खाली बारीक अक्षरात कारण आहे. या लाटा अंगात शिरल्या की आतून उष्णता तयार होते. बाकीच्या अंगात रक्त फिरतं, ते उष्णता वाहून नेतं. डोळ्याच्या भिंगात रक्त फिरत नाही. तिथली उष्णता तिथेच राहते. भिंग धुरकट होऊ शकतं.
‘होऊ शकतं’ लिहिलंय. ‘होतं’ नाही. हा फरक महत्त्वाचा.
शिवाय नवी रडारं फार कमी ताकदीची असतात. (आमच्या त्या विमानातलं जुनं आहे.)
शिवाय नाथा शिडीवर होता. म्हणजे उंचावर. (रडारही त्याच उंचीवर असतं.)
पुस्तक मिटलं. जेवण गेलं नाही. डबा भरलेला घरी नेला तर बायको, म्हणजे चंद्रावती, विचारणार, म्हणून भाजी कावळ्यांना घातली.

१७ जुलै, रविवार. संध्याकाळ.

आज सांगून टाकायचं ठरवून हमरापूरला गेलो. एसटीत मुद्दे काढले. प्रथम रडार म्हणजे काय, मग त्याचे फायदे, मग काळजी घेण्याची पद्धत, मग ओघाओघात बारा जून. अशा मांडणीने माणूस घाबरत नाही.
कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. फळ्यांवर ओळीने गणपती, सगळे पांढरे, बिनडोळ्यांचे. नाथा एका मूर्तीसमोर मांडी घालून बसला होता. डावा डोळा चटकन झाला. उजव्याला कुंचला लावला, थांबला, डोकं तिरकं केलं, पुन्हा लावला. मग ओल्या फडक्याने पुसून टाकला. तिसऱ्यांदा पुसला तेव्हा त्याची आई काशीबाई म्हणाली, “ऱ्हाव दे रं पोरा, चाय पी.”
मी पाहुण्यासारखा चहा प्यायलो. म्हातारी समोर होती. बायकांच्या देखत टेक्निकल विषय काढणं बरं नव्हे.
निघताना नाथा नाक्यापर्यंत पोचवायला आला. म्हणाला, “दादा, तुजं काय काम होतं का?” मी म्हणालो, सहज आलो होतो.
पुढच्या रविवारी नक्की.

१९ जुलै, मंगळवार.

माझ्याही उजव्या डोळ्याला धुरकट दिसू लागलं आहे. कॅलेंडरवर रोज एक डोळा झाकून तपासतो. काल एकादशीचा आकडा दुहेरी दिसला. कॉकपिटमध्ये मी रडारच्या किती जवळ होतो! त्याच्या पाठीमागे का होईना, पण जवळ. नाथा एकदाच होता, मी अठरा वर्षं आहे. नीट विचार केला तर खरा बळी मी.
चंद्रावतीला सांगितलं. तिने चष्मा काढून घेतला, पदराने पुसला आणि परत दिला. आता साफ दिसतंय.
तरीही लक्ष ठेवलं पाहिजे.

२४ जुलै, रविवार.

गेलो. काशीबाई बाजाराला गेली होती. नाथाची बायको शकू मागे रंग घोटत होती. नाथा एकटाच बसला होता, पुढे कुंचले धुऊन उलटे ठेवलेले. संधी उत्तम होती.
मी सुरुवात करण्याआधी तोच बोलला.
गेल्या वर्षी ऐन हंगामात त्याचा चुलता वारला. घराला सुतक. पण मुंबईचा ट्रक दारात उभा आणि शेवटच्या तीस मूर्ती बिनडोळ्यांच्या. आठव्या दिवशी आंघोळ करून हा बसला आणि तीसही मूर्तींची आखणी करून टाकली. आईने अडवलं होतं. हा ऐकला नाही.
“सुतकात देवाचं डोलं काढलं, दादा,” म्हणाला. “आता देव माजा डोला काढतंय. बरोबर हाय त्याचं.”
हसून बोलला. मला ते हसणं सोसलं नाही.
त्याने आखणी बंद केली आहे. देवाने माफ करेपर्यंत कुंचला हातात धरायचा नाही. शकू मागून म्हणाली, दीडशे मूर्ती राहिल्यात, देवानंच येऊन रंगवाव्यात आता.
मी तोंड उघडलं. “नाथा,” म्हणालो. त्याने वर पाहिलं. डावा डोळा माझ्याकडे, उजवा जरा भलतीकडे.
“चहा करायला सांगतोस का?” असं निघालं तोंडातून.
अशा मनःस्थितीत त्याला धक्का देणं अमानुष ठरलं असतं. माणसाला श्रद्धेचा आधार लागतो. तो काढून घेणारा मी कोण?

३० जुलै, शनिवार. रोहा.

विचारांना मोकळी हवा लागते, म्हणून मेहुण्याकडे आलो. कान्हू धाटावला केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. पहिली शिफ्ट करून स्कूटरवरून आला. अंगाला सल्फरचा की कशाचा तरी वास. जेवण झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो.
मी एका मित्राची गोष्ट म्हणून सांगितलं. मित्र मशीनवर काम करतो. चुकून दुसरा माणूस समोर आला. नंतर त्या माणसाला काहीतरी त्रास झाला. मशीनमुळेच असं सिद्ध नाही. तर मित्राने बोलावं का?
कान्हूने अडकित्ता घेऊन सुपारी कातरली. मग म्हणाला, “आमच्या प्लांटला एकानं व्हॉल्व उघडा ठेवला, दाजी. ग्यास सुटला. तोच बोंबलत सुटला, मी ठेवला, मी ठेवला, पला! सगली पलाली म्हणून वाचली. त्याला मेमो भेटला. तो मेमो त्यानं घरात फ्रेम करून लावलाय.”
मी म्हणालो, इथे गॅस नाही, लाटा आहेत. दिसत नाहीत, वास नाही. सिद्ध कसं करणार?
“सिद्ध कोन करायला सांगतंय? समोरच्याला ठाव नको का, आपल्या अंगावरून काय गेलं ते?”
मग त्याने विचारलं, “मित्र बरा हाय ना? झोपतो का?”
मी म्हणालो, मित्र ठीक आहे.
“तुमचं वजन उतरलंय,” म्हणाला, आणि आत गेला.
संकल्प : उद्या सकाळच्या गाडीने थेट हमरापूर.

३१ जुलै, रविवार. रोहा.

सकाळची गाडी चुकली. नंतरच्या गाडीला गर्दी होती.

१ ऑगस्ट, सोमवार. पेण.

समोरासमोर बोलण्यापेक्षा पत्र बरं. लिहिलं त्यात राहतं.
पहिला मसुदा : ‘प्रिय नाथा, १२ जूनला रडार चालू असताना तू समोर होतास. चूक माझी.’ फार उघडंनागडं वाटलं.
दुसरा मसुदा : ‘तांत्रिक चाचणीदरम्यान काही अंशी सान्निध्य घडलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ भाषा उत्तम उतरली. नाथा चौथी शिकलेला आहे, हे नंतर लक्षात आलं.
तिसरा मसुदा : पावसाची चौकशी, आईला नमस्कार.
तिसरा पोस्टात टाकला.

७ ऑगस्ट, रविवार. दुपार.

आज एक मोठं काम केलं. नाथाला पेणमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन गेलो. नुसते बोलणारे खूप असतात. मी कृती केली.
डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत त्याच्या डोळ्यात बराच वेळ बॅटरी मारली. मग म्हणाले, मोतीबिंदू धरतोय. पण पस्तिशीत, एकाच डोळ्याला, याला काहीतरी कारण असणार. मार लागला होता? नाय. साखर? तपासली, नाही. वेल्डिंग? भट्टी? डोळ्यात रंगबिंग उडाला?
प्रत्येक प्रश्नाला नाथा नाय म्हणत होता. मी भिंतीवरची अक्षरं वाचत होतो. खालची ओळसुद्धा वाचता येत होती.
डॉक्टरांनी विचारलं, “काम कुठे करता?”
“विमानतळावर. विमान पुसतो.”
मग डॉक्टर माझ्याकडे वळले. “तुम्ही बरोबर असता का? तिथे कसली मशिनरी, रेडिएशन वगैरे?”
पंखा फिरत होता. नाथाही माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, त्यामुळे त्याला माझा चेहरा दिसत नसावा. दिसत नव्हताच.
मी म्हणालो, “नाही. स्वच्छतेचं काम.”
हे खोटं नाही. नाथाचं काम स्वच्छतेचंच आहे.
डॉक्टर म्हणाले, मग सांगता येत नाही. पिकू द्या, ऑपरेशन करू.
बाहेर आल्यावर नाथा म्हणाला, “कारन हायच. डाक्टरला काय ठाव.” मग माझा हात धरून रस्ता ओलांडला. उजवीकडून येणारी रिक्षा त्याला दिसली नाही. मी ओढलं म्हणून.
म्हणजे मी त्याचा जीव वाचवला, असंही म्हणता येईल.

८ ऑगस्ट, सोमवार.

लिहिलेलं पुन्हा वाचलं. वाचायला नको होतं.

१४ ऑगस्ट, रविवार.

ड्युटीवर चाचणीचे जुने कागद एका फाईलमध्ये लावलेले असतात. बारा जूनचा असेल. बघायला गेलो नाही. फाईलवर धूळ असते, मला धुळीचा त्रास आहे.
चार मिनिटं नसावीत. सात-आठ असावीत. आणि शिडी होती, ती सुरुवातीपासून होती. शिडीवर माणूस होता की नाही ते माझ्या ध्यानात आलं नसणार. कामात असलं की माझं असंच होतं.
हमरापूरची बातमी : नाथा एकवेळ जेवतो. पायात चप्पल घालत नाही. पुढच्या रविवारी हमरापूरहून पालीला, बल्लाळेश्वराला, अनवाणी चालत जाणार. एकटाच. नवस आहे.
रस्ता हायवेचा. उजव्या बाजूचं त्याला दिसत नाही.
शनिवारी जाऊन अडवतो. आता मात्र सांगणारच. हा संकल्प कोणी मोडू शकणार नाही.

२० ऑगस्ट, शनिवार.

ओव्हरटाईम लागला. लागला म्हणजे, विचारलं तेव्हा मी हो म्हणालो.

२१ ऑगस्ट, रविवार. रोहा.

राखीपौर्णिमा. चंद्रावती कान्हूला राखी बांधायला निघाली. मीही निघालो. सकाळची रोहा गाडी. ती खिडकीशी, मी शेजारी.
वडखळ गेलं. पाऊस भुरभुरत होता. नागोठणं यायच्या थोडं आधी गाडी हळू झाली, पुढे ट्रक अडला होता. आणि खाली रस्त्यावर तो चालत होता. डोक्यावर खताची पिशवी पांघरलेली. मध्यरात्रीच निघाला असणार, पाय चिखलाने भरलेले. डांबराच्या फार आत चालत होता, कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर नव्हे. गाड्या उजवीकडून जात होत्या.
चंद्रावती म्हणाली, “अहो, तो नाथाभाऊ नव्हे?”
मी म्हणालो, “नाही. दुसरा कोणी असेल.”
तिने मान वळवून मागे पाहिलं. मग माझ्याकडे. गाडी सुटली. नागोठण्याच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबली. उतरून मागे चालत गेलो असतो तर पाव तासात भेटला असता. कंडक्टर खाली उभा राहून भजी खात होता. दार उघडं होतं. मी बसून राहिलो. पाय हलले नाहीत. हे मी आता लिहितो आहे, ते खरं आहे. पाय हलले नाहीत.
संध्याकाळी चार वाजता कान्हूच्या शेजाऱ्यांकडे फोन आला. पेणहून, आमच्या शेजाऱ्यांचा. वाकण नाक्याच्या अलीकडे नाथाला ट्रक घासून गेला. उजव्या बाजूने आला. खड्ड्यात पडला. जिवावरचं नाही. उजवं मनगट मोडलं.
चंद्रावतीने कोणाला काही सांगितलं नाही. मला जेवायला वाढलं आणि उठून गेली.

२२ ऑगस्ट, सोमवार. हमरापूर–पेण. संध्याकाळ.

सांगितलं.
ड्युटी बुडवून गेलो. नाथा खाटेवर. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. काशीबाई पायांना हळद लावत होती. पाय सोलून निघालेले. मुद्दे काढले नव्हते. म्हातारी होती, शकू होती, तरी सांगितलं. रडार, लाटा, भिंग, बारा जून. दोरी लावली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो.
काशीबाईचा हात थांबला. म्हणाली, “म्हंजे देव नवता?”
मी म्हणालो, रडारमुळेच असं छातीठोक सांगता येत नाही. पण देव नव्हता.
नाथा आढ्याकडे बघत होता. म्हणाला, “दोन म्हैने मी देवाच्या पाया पडतोय. माफ कर, माफ कर. आन तू हितंच बसून चाय पीत व्हतास.”
मी म्हणालो, हो.
मग त्याने एकच विचारलं. “किती टाइम चालू व्हता?”
मी म्हणालो, दोन-तीन मिनिटं.
त्याने मान हलवली. “दोन-तीन मिनिटात येवडा?” आणि डोळे मिटले.
एकंदरीत बोलणं समाधानकारक झालं. त्याने शिव्या दिल्या नाहीत. माझं मन हलकं झालं आहे. धैर्य लागतं, पण माणसाने ठरवलं तर

(पुढचं वाक्य जमेना.)

२४ ऑगस्ट, बुधवार. विमानतळ.

फाईल काढली. धूळ नव्हती. कागद माझ्याच अक्षरात. सुरू : अकरा वाजून पाच. बंद : अकरा वाजून एकोणीस. खाली माझी सही, टोकदार, रेघ ओढलेली.
चौदा मिनिटं.
आणि आता हेही लिहितो. नाथा सुरुवातीपासून शिडीवर होता. मी त्याला बटण दाबायच्या आधी पाहिलं. त्याने फडकं हलवलं, मीही हात केला. त्याला खाली उतरवायचं म्हणजे काच उघडून ओरडायचं, शिडी सरकवायची, सात-आठ मिनिटं मोडायची. विमान उशिरा गेलं असतं तर मेमो आला असता. अठरा वर्षांतला पहिला.
मला वाटलं, काय होतंय.

२६ ऑगस्ट, शुक्रवार.

सगळं लिहून साहेबांना दिलं. उभा राहिलो. आता बेल वाजेल, चार जण बोलावतील, सस्पेंड करतील असा अंदाज होता. काय उत्तर द्यायचं ते ठरवलं होतं, मान ताठ ठेवायची हेही.
साहेबांनी वाचलं. विचारलं, विमानाला काही झालं का? नाही. त्या दिवशी वेळेवर गेलं का? गेलं. त्यांनी कोपऱ्यात ‘पाहिले’ लिहून सही केली. म्हणाले, हेल्परचा भरपाईसाठी अर्ज आला तर बघू. पुढच्या वेळी दोरी लावत जा.
अर्ज मी लिहायला घेतला आहे. पहिल्या मसुद्यात चौदा लिहिलं. दुसरा मसुदा केला नाही.

२८ ऑगस्ट, रविवार. हमरापूर.

नाथा कारखान्यात होता. प्लास्टरचा हात मांडीवर. उजव्या डोळ्यावर फडकं बांधलेलं. समोर शकू मूर्तीपुढे बसलेली, हातात कुंचला. तो डाव्या डोळ्याने बघून सांगत होता. “वर नको गो. खाली. आता श्वास धर. वड.” तिने ओढली. रेघ जरा जाड आली. त्याने म्हटलं, चालंल, देव जरा झोपेतून उठलाय. काशीबाई हसली. दीडशेतल्या साठ झाल्या होत्या. पायात त्याच्या चप्पल होती.
मी उंबऱ्याशी उभा राहून म्हणालो, “नाथा, चौदा. दोन नाही. आणि मी तुला आधी पाहिलं होतं.”
शकूचा हात थांबला.
नाथा वळला नाही. शकूला म्हणाला, “तू काड. रंग सुकतंय.”
मी अर्ज पुढे केला, त्याच्या सहीसाठी. त्याने डाव्या हाताने अंगठा उठवला. सही येते त्याला, पण उजव्या हाताने. कागद परत देताना म्हणाला, “कागुद तुमच्याकडंच ऱ्हाव द्या.”
तुमच्याकडं म्हणाला.
बसायला कोणी सांगितलं नाही. कामाची गर्दी होती म्हणून असेल.

९ सप्टेंबर, शुक्रवार. गणेश चतुर्थी.

मूर्ती आणायला चंद्रावती गेली. मी घर झाडलं, मखर लावलं. पूजा झाली. आमच्या गणपतीचे डोळे शकूने काढलेले आहेत. जरा जाड आहेत. माझ्याकडे बघतोय असं काही वाटलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत होता.

२७ सप्टेंबर, मंगळवार. अलिबाग.

नाथाला सरकारी दवाखान्यात नाव नोंदवायचं होतं. कंपनीने अर्जाचं उत्तर दिलेलं नाही, पण मॅन्युअलच्या पानाची नक्कल, बारा जूनच्या कागदाची नक्कल आणि मी लिहून दिलेला जबाब बरोबर नेला. हे सगळं मी स्वतः होऊन केलं. त्याने बोलावलं नव्हतं. मी पेणला त्याच एसटीत चढलो. तो पुढे बसला होता, मी मागे.
डॉक्टर तरुण होते. सगळे कागद उभ्याउभ्या वाचले. म्हणाले, यामुळे झालं असू शकतं, यामुळेच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही. एवढ्या जवळून, एवढा वेळ. तेव्हाच आला असतात तर निदान पहिल्या दिवसापासून नोंद राहिली असती, दुसऱ्या डोळ्यावर लक्ष ठेवलं असतं. आता दर तीन महिन्यांनी या. ऑपरेशन उन्हाळ्यात.
नाथाने विचारलं, दुसरा राहील ना? डॉक्टर म्हणाले, आज तरी स्वच्छ आहे.
मी उद्यापासून सगळे बदल करणार आहे. दोरी आता माझ्या लॉकरमध्ये ठेवली आहे. दर तीन महिन्यांनी त्याच्याबरोबर येणार आहे. माझ्याशिवाय त्याला हे कागद कोण समजावणार?
बाहेर सिस्टर फॉर्म भरत होती. नाव, वय, गाव. मग माझ्याकडे पेन करून नाथाला विचारलं, “हे बरोबर आहेत ते कोण तुमचे? भाऊ?”
मी तोंड उघडणार होतो.
नाथा म्हणाला, “नाय. वळखीचं हायत.”
सिस्टरने तसं लिहिलं.
चूक काही नाही त्यात. ओळख आहेच.